तूर शिजेपर्यंत

गिंबाल गावच्या किनाऱ्यावर ज्या घरातला नवरा जहाजावर असतो, त्या घराचं एक बरं असतं. भांडायला वेळच मिळत नाही. सोलिंग आणि टिक्यो यांचा संसार असाच, दृष्ट लागावी इतका गोडीगुलाबीचा झाला. टिक्यो मालवाहू जहाजावर आचारी होता. वर्षातले जेमतेम दोन महिने घरी. तो यायचा त्या दिवशी सोलिंग मागच्या कुडाच्या स्वयंपाकघरात चुलीवर काडयोसचं मडकं चढवायची. काळी तूर, डुकराचं मटण, कोवळा फणस, आणि आंबटाला बातवान, म्हणजे कोकमाच्या कुळातलं एक हिरवं फळ. तो जांभळट रस्सा भातावर ओतून टिक्यो पोट फुटेस्तोवर जेवायचा, दिवसभर झोपायचा, मग पाहुण्यासारखे लाड करून घेऊन परत जायचा. मधल्या काळात तिनं पोरं वाढवली, सासूचं दुखणं काढलं, वादळानं नेलेलं छप्पर पुन्हा घातलं, आणि कुणालाही विचारून काही केलं नाही. विचारायला होतं कोण?

मग टिक्यो निवृत्त होऊन कायमचा घरी आला. पहिला आठवडा कौतुकात गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याची नजर पुढच्या गॅसच्या स्वयंपाकघराकडे वळली, आणि तिथं सोलिंगचं राज्य संपलं.

त्यानं सुऱ्या उंचीनुसार टांगल्या. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दुपारचं जेवण ठरल्या वेळेला, जहाजावर मिळायचं तसं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. हात सगळ्या खलाशांचं रांधायला बसलेला, त्यामुळे दोघांसाठी म्हणून केलेलं मुगाचं सूप अख्ख्या गल्लीला पुरायचं.

"भाग्यवान गं तू, सोलिंग!" शेजारची तोमासा कुंपणावरून वाटी पुढं करत म्हणाली. "आमचं ध्यान चहाचं पाणीसुद्धा तापवत नाही."

"मग हे घेऊन जा. वर सुऱ्याही देते फुकट."

तोमासा हसली. सोलिंगला हसू आलं नाही. असून अडचण नि नसून खोळंबा ही म्हण नवऱ्याला लावायची असते, पण त्या घरात आता आपणच अडचण झालोय असं तिला वाटू लागलं होतं. स्वतःच्या घरात तिला मीठ मागावं लागे.

"मीठ कुठं ठेवलंस रे?"

"डावीकडून दुसरा डबा. चिठ्ठी लावलीय की."

त्या चिठ्ठीनं तिच्या काळजाला घरं पडली. टिक्योच्या मनात काही वाईट नव्हतं, हे तिला कळत होतं, आणि म्हणून तर जास्तच राग येत होता. चांगल्या मनाच्या माणसाशी भांडायचं तरी कसं? शेवटी तिनं समुद्रापलीकडे बाकोलोदला लेकीला फोन लावला. म्हणाली, येते तुझ्याकडे राहायला.

"ये की, नानाय. किती दिवस राहशील?" ग्रासियानं विचारलं.

"बघू."

लेक काय समजायचं ते समजली. टिक्योला सांगितलं तेव्हा तो सुरीला धार लावत होता. "शनिवारच्या बोटीनं जाते," ती म्हणाली. त्यानं सुरी दुसऱ्या अंगावर फिरवली आणि "बरं" म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसाराला एक "बरं"! ती रात्रभर तळमळली.

शनिवारी सकाळी नातवंडांसाठी सुकी मासळी आणायला ती बाजारात गेली. आता फक्त पिशवी उचलायची आणि निघायचं. फाटकाशी आली तर मागच्या कुडातून धूर येत होता. टिक्यो आणि चूल? तो गॅसशिवाय कशाला हात लावत नसे.

आत गेली तर गडी चुलीपुढं उकिडवा बसलेला, डोळे लाल, केसांत राख. मडकं रटरटत होतं. तिनं झाकण उचललं. मटण होतं, फणस होता, तूर खड्यासारखी टणक, आणि वर बातवानची फळं उकलून तरंगत होती.

"बातवान कधी घातलंस?"

"सगळ्यात आधी. आंबट नीट मुरायला नको?"

सोलिंगनं कपाळाला हात लावला. तूर मऊ होण्याआधी बातवान पडलं की ती तूर हट्टाला पेटते, मग दिवसभर लाकडं जाळा, शिजायचं नाव नाही. गिंबालमधलं शेंबडं पोरही हे सांगेल. आणि या माणसानं जन्मभर जहाजंच्या जहाजं जेवू घातली होती!

"आचारी म्हणवतोस ना रे स्वतःला? जहाजावर कधी काडयोस केलं नाहीस?"

"नाही."

"एकदाही?"

"आपल्याकडची पोरं पाया पडायची. एकानं तर घरून फडक्यात बांधून तूर आणली होती. मी म्हटलं, काय हवं ते मागा, हे नाही. हे मी तिथंच खाल्लं असतं, तर घरी येऊन काय खाल्लं असतं?"

तिनं झाकण परत मडक्यावर ठेवलं. मग जरा खालच्या आवाजात तिनं विचारलं, "मग आज कशाला घाट घातलास?"

टिक्यो चुलीकडे बघत राहिला. "तू परत येशील त्या दिवशी मडकं चुलीवर असायला नको? मी इतक्यांदा आलो, दर वेळी होतं. तू कधी कुठं गेलीच नाहीस, मग तुझ्यासाठी कोण चढवणार? म्हटलं, आधी एकदा हात बसवून बघावा. हसं व्हायला नको."

सोलिंगच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचं खापर धुरावर फोडावं असं तिला वाटलं नाही. ती तिथंच पाटावर बसली.

"बोट चुकेल तुझी," टिक्यो म्हणाला.

"चुलीवर मडकं ठेवून कुणी घराबाहेर पडतं का? तूर शिजली की निघते."

"शिजेल का लवकर?"

आंबट पडलेल्या तुरीची गोष्ट सोलिंगच्या जिभेच्या टोकावर होती. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती, तर तिनं त्याच्या सात पिढ्यांची अक्कल काढली असती.

"शिजेल की," ती म्हणाली. "न शिजायला काय झालं?"

टिक्योनं मान डोलावली. ती आपल्याकडे बघत नाहीये असं समजून त्यानं चुलीतलं एक जळतं लाकूड हळूच मागं ओढलं.