दगडाचा खालचा भाग

माझा फोटो कापला होता. विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ कापला. चँडलरच्या मराठी मंडळाचं प्रदर्शन, विषय जुनं कोकण: बंदरं, देवळं, व्यापार. भिंतीवर मी काढलेले अकरा फोटो. दहा धड होते. अकराव्यासाठी मी करवंदीच्या जाळीत घुसून दोन्ही हात ओरबाडून घेतले होते, आणि नेमका तोच खालून एक तृतीयांश गायब! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला बटाटेवड्यांचा ट्रे मी खुर्चीवर आदळलाच.

मी इथे अमेरिकेत कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे, बावीस वर्षं झाली. दर सुट्टीत कोकणात जाते आणि जुने शिलालेख शोधत फिरते. नातेवाईक म्हणतात, हिचं डोकं फिरलंय. फिरू दे. तर हा दगड कमरेएवढा, हजारेक वर्षांचा. सगळ्यात वर सूर्य आणि चंद्र कोरलेत. ते आहेत तोवर हे दान चालेल, असा त्याचा अर्थ. मध्ये लेख आहे. बंदरावर उतरणाऱ्या मालाच्या जकातीतला काही भाग देवळाला लावून दिलाय, असं जाणकारांनी मला वाचून दाखवलं. आणि खाली शिक्षा. जो कोणी हे दान मोडेल, त्याच्या आईवर गाढव. नुसतं लिहून भागलेलं नाही, बाई आणि गाढव चित्रात कोरून ठेवलेत, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही धाक बसावा. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. मंडळानं सूर्य ठेवला, चंद्र ठेवला, दान ठेवलं आणि बाई कापली.

“काका, माझा दगड का कापलात?” मी विचारलं. काका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. सत्तरीचे आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात.

“अगं, फॅमिली प्रोग्रॅम आहे. लहान मुलं येतात.”

“बरोबर. मुलांना मीही दाखवणार नाही. आतल्या खोलीत लावा, दारावर पाटी लावा, फक्त मोठ्यांसाठी.”

“पण हवाय कशाला? वरचं इतकं सुंदर आहे. आपले पूर्वज किती उदार होते, कळू दे की लोकांना.”

“होतेच उदार. आणि शिवी द्यायची झाली की बाईला द्यायचे. एकाच माणसानं एकाच छिन्नीनं कोरलंय ते, काका. अर्धं तुमचं आणि अर्धं कुणाचं?”

शेजारी कमिटीतला एक पुण्याचा पोरगेला इंजिनियर उभा होता. “यार, तुम्ही फार ॲग्रेसिव्ह होताय,” म्हणाला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये फोनवर मित्राशी बोलताना ह्याच्या प्रत्येक वाक्यात कुणाची तरी आई असते, मी स्वतः ऐकलंय. तेव्हा नाही ह्याला फॅमिली आठवत! मी सांगून टाकलं, पूर्ण दगड लागला तर माझे फोटो राहतील, नाहीतर अकराच्या अकरा काढून घेऊन जाते. एवढं बोलून गाडी काढली, जवळच्या दुकानात जाऊन अख्खा फोटो मोठा प्रिंट करून आणला आणि घडीच्या खुर्च्या ठेवतात त्या आतल्या खोलीत स्वतःच्या हातानं चिकटवला. दारावर पाटीही लावली, ठळक अक्षरांत.

मागे वळले तर दारात आई. आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. वय त्र्याऐंशी, हातात काठी. मला वाटलं, हिला नको हे. पण ती कधीच आत आली होती.

“आमच्या वेशीवर होता असला दगड,” ती म्हणाली. “बायकांनी तिकडे बघायचं नाही म्हणायचे. येता-जाता मान खाली. मी काही बघितला नाही कधी.”

आता तिनं बघितला. चष्मा काढून पदराला पुसला, परत घातला आणि अगदी जवळ जाऊन बघितला.

“ही कोण गं?”

“आई. ज्यानं दान मोडलं त्याची.”

“आणि तो कुठाय?”

“तो नाहीये, आई. त्याला कोरलेलंच नाही.”

ती खुर्ची ओढून दगडासमोर बसली. मला मात्र आमचं अंगण दिसायला लागलं, कारण ती काय आठवत होती ते मला पक्कं ठाऊक होतं.

मी कॉलेजला होते तेव्हा. दादाचं लग्न ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. चार दिवस राहिले असताना तो चिठ्ठी ठेवून पुण्याला निघून गेला. दुसऱ्या दिवशी मुलीकडची माणसं आली, आठ-दहा पुरुष. अंगणात उभे राहून त्यांनी तोंडाला येईल ते ऐकवलं, आणि एकही शिवी दादाला नव्हती. सगळ्या आईला. तिच्या चारित्र्याला, तिच्या दुधाला, तिच्या माहेराला. बाबा माजघरात जाऊन बसले. आई अंगणात दोन्ही हात खाली सोडून उभी होती आणि मी दाराआड. मी बाहेर आले नाही, ह्याची मला आजही लाज वाटते. महिन्याभरानं दादा परत आला, तेव्हा तिनं त्याला गरम गरम घावन करून वाढले आणि त्या दिवसाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

तेवढ्यात काका आत आले. आईला तिथे बसलेली बघून त्यांचा चेहराच उतरला.

“मावशी, माफ करा हं, तुम्हाला हे बघावं लागलं. थांबा, लगेच काढतो.”

“हात लावू नका,” आई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण काकांचा हात जागच्या जागी थांबला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “दादाला फोन लाव. व्हिडिओवर.”

इथे संध्याकाळचे सहा वाजले होते, तिकडे सकाळ. दादा आता एकसष्टचा आहे, सोसायटीचा चेअरमन, लोक त्याला सल्ला विचारायला येतात. हातात चहाचा कप घेऊन हसत स्क्रीनवर आला. आईनं फोन दगडाकडे फिरवला.

“बघितलंस? नीट बघ. खाली.”

“आई! हे काय भलतंच दाखवतेस?”

“ती माणसं अंगणात आली होती, त्या दिवशी मी अशी होते. तू कुठे होतास?”

“आता कशाला ते जुनं?”

“तू कुठे होतास?”

फोन मी धरते म्हटलं, तर तिनं मान हलवून नाही म्हटलं. काका दाराशी तसेच उभे. दादानं कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“मित्राच्या खोलीवर होतो,” तो शेवटी म्हणाला. “झोपलो होतो.”

“बरं,” आई म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. मग काकांना म्हणाली, “हे इथेच राहील. आणि प्रदर्शन संपेपर्यंत मीही इथेच बसणार आहे. कुणी विचारलं ही कोण, तर सांगायला नको?”