या, गेनाऊ

परवा शेजारी कुणी दाराला जवसाचं तेल लावत होतं. त्या वासानं माझं डोकं पुन्हा तापलं.

काही वर्षांपूर्वी कोलोनजवळची जुनी हवेली पाडू नये म्हणून माझी बायको वीसेक जर्मन बायकांना घेऊन लढत होती. खिडक्या खरवडून त्यांना हेच तेल पाजत होती. पाहणीला आलेला अधिकारी तिला डावलून माझ्याशीच बोलला, "बायकांचा छंद हो! पाडलेलंच बरं, नाही का?"

मी म्हणालो, "या, गेनाऊ." म्हणजे, हो, अगदी बरोबर.

"अहो, काय बोललात हे?" ती तेलकट हातांनीच पुढे आली. त्याला जर्मनमध्ये म्हणाली, "नवऱ्याला काय विचारता? काम आमचं आहे. मला विचारा!"

हवेली वाचली. त्या माणसाचा राग अजून जात नाही, आणि स्वतःचा तर त्याहून नाही. सवयीनं तोंडातून गेलं, असं मी तिला सांगितलं होतं. खोटं होतं ते. मलाही तो छंदच वाटत होता.