आधी सांगून पाजलेला चहा

“मामा, आई गेली…” भाच्याचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या बसस्टँडवर उभा होतो. पुढचं काही ऐकू आलं नाही. केदारखेड्याला पोचेपर्यंत डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला, आणि तो सांगायलाही विचित्र वाटतो… आता घरामागचे हौद कोण बघणार?

अक्का, माझी थोरली बहीण, गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावर माणसं आराम मागतात, हिनं गल्लीचं सांडपाणी मागून घेतलं. घरामागे उथळ हौद बांधले, पाणी त्यातून फिरवलं, जलपर्णी सोडली. शेवाळ आपोआप आलं. दोन्हींनी मिळून पाणी इतकं निवळवलं की त्यावर तिची शेवग्याची झाडं वाढली. वाढलेली जलपर्णी आणि शेवाळ काढून, कापून, शेणात कालवून ती गोबरगॅसमध्ये ओतायची. पहिल्या वेळी मात्र न कापताच लोटली. लांब देठांचा गठ्ठा आत अडकला, गॅस साठवणारी वरची तरंगती लोखंडी टाकी वाकडी होऊन बसली आणि सगळ्या गल्लीनं नाकाला पदर लावला. अक्का चिखलात उभी राहून हसत होती. वर्गात प्रयोग फसला तरी ती अशीच हसायची. पुढे जमलं. गॅस साठला की टाकी वर यायची, स्वयंपाक झाला की खाली बसायची. सकाळी उठून अक्का आधी टाकी बघायची, मग आम्हाला.

अडचण होती चहाची. पाहुण्याच्या हातात कप देण्याआधी ती बजावून सांगायची, हा गटारातल्या शेवाळाच्या गॅसवर झालाय. निम्मे लोक घाईत असल्याचं सांगून उठायचे. शेजारच्या गयाबाई तर रोज येऊन उंबऱ्यावरच बसायच्या.

“म्या न्हाई पिणार बाई, गटाराच्या गॅसवरला.”

“मंग गॅस नको पिऊ, चहा पी,” अक्का म्हणायची.

एकदा वैतागून मी म्हणालो, “सांगतीस कशाला? गपचूप पाज की. चव बदलती का?”

ती एकदम गंभीर झाली. “जात पाहून लोक आपल्या आईचा चहा कसे टाळायचे, इसरलास? मला लपवून न्हाई पाजायचा कुणाला. आधी सांगायचं, मंग पाजायचं. माहीत असून पिला, तरच तो माझ्या घरचा चहा पिला.”

मला तेव्हा तो निव्वळ आडमुठेपणा वाटला. आज वाटतं, गॅसपेक्षा तिला हाच प्रयोग तडीस न्यायचा होता. आणि ती गेली तेव्हा तो अर्धाच राहिला, याचं मला फार वाईट वाटत होतं.

दुःखाच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजाऱ्यांकडून पिठलं-भाकरी येत होती, आणि मागे गॅस साठतच होता. तिसऱ्या दिवशी टाकी पार वर आली, कडेनं बुडबुडे फुटून गॅस वाया जाऊ लागला. अक्काला ते बिलकुल खपलं नसतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. पण उठवत नव्हतं.

गयाबाई भाकरी घेऊन आल्या. टोपली खाली ठेवून त्यांनी टाकीकडे पाहिलं, आणि उंबरा ओलांडून थेट स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

“आधी सांगून राह्यले,” त्या बसलेल्या सगळ्यांना म्हणाल्या, “गटाराच्या गॅसवरला हाय. पटंल त्यानं घ्या.”

आणि पहिला कप त्यांनी स्वतःच उचलला.

मागे टाकी थोडी खाली बसली होती.