धुतलेला नकाशा

निमिष आणि ईरा, गेल्या महिन्यात सांगलीहून फोन आला तेव्हा मी व्हिडिओवर तुम्हा दोघांशी बोलत होते. इंदू पवार गेली, एवढंच मी म्हटलं. ईराने विचारलं, "आजी, तुझी मैत्रीण होती का?" मी विषय बदलला. हो म्हटलं असतं तर अर्धंच खरं झालं असतं. उरलेलं लिहून ठेवते. आता ते सांगणारी मी एकटीच उरले आहे.

सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात मी साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीत होते. खालच्या मजल्यावर आमची नोंद शाखा, वर नकाशे काढणारी आरेखन शाखा. इंदू वर ट्रेसर होती, म्हणजे कच्चे आराखडे शाईने कापडावर उतरवणारी; पलूसकडची, माझ्याहून चार वर्षांनी लहान. डबा आम्ही एकत्र खायचो. वडूजकडे दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी झबली शिवून पाठवायची, असं साहेबांनी ठरवलं. ज्या शाखेची जास्त होतील, तिची माणसं ट्रकबरोबर जाणार. मग काय, जिन्यात रोज टोमणे. "वर नुसत्या रेघा मारता, टाका कोण घालणार?" असं मी म्हणायचे. इंदू वरून ओरडायची, "आवं बाई, तुमी चिंध्या मोजत बसा!" फार मजेचे दिवस होते ते.

एका दुपारी मी वर गेले, तर टेबलावर हिरवं इरकली लुगडं कापून पडलेलं. माझ्या आईचं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तिचं तेवढं एकच माझ्याकडे होतं. मी कचेरीत असताना इंदू आमच्या घरी गेली आणि "बाईंनी मऊ कापड मागितलंय" म्हणून सासूबाईंकडून ते घेऊन आली होती. वरची सगळी हसत होती. "बाई, तुमच्या घरनंच आमाला मदत!" इंदू म्हणाली. कात्री तिच्याच हातात होती. मी हसले. खाली आले आणि ठरवलं, हिला सोडायचं नाही.

तेव्हा नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर शाईने काढत. नकाशा रद्द झाला की बायका ते कापड गरम पाण्यात धूत; खळ आणि शाई निघून गेली की आत मलमलीसारखं पांढरंशुभ्र सूत. झबल्यांना याहून चांगलं काय? कोणता नकाशा रद्द, ते माझ्या रजिस्टरावरून ठरे. चार दिवसांनी इंदू आमच्या फळीवरून गुंडाळ्या उचलून घाईघाईने माझ्यापुढे आली. "बाई, ही समदी रद्दच न्हवं?" शेवटची गुंडाळी शेजारच्या कप्प्यातली होती. पलूसकडच्या कालव्यावरच्या पुलाचा नकाशा, तिने स्वतः महिनाभर खपून काढलेला, नोंदीसाठी खाली आलेला. त्याची एकही प्रत निघालेली नव्हती. मी गुंडाळीवरचा नंबर नीट वाचला. "हो, सगळी," म्हटलं, आणि रजिस्टरात त्या नंबरापुढे ‘रद्द’ लिहून सही केली.

गुंडाळ्या न सोडता तशाच बादलीत उभ्या बुडवायची त्यांची पद्धत होती. उलगडल्या तेव्हा पाणी काळं झालं होतं. एका कोपऱ्यात पुलाची कमान तेवढी अर्धी राहिली होती. इंदू जिन्यात बसून रडली. मला आनंद झाला... तो मी लपवला, पण खरा होता.

ती मुख्य ट्रेसर व्हायची होती, नाव वर गेलं होतं. त्याऐवजी मेमो मिळाला आणि कोयनानगरला बदली झाली. शर्यत त्यांच्या शाखेने जिंकली. ट्रकमध्ये मात्र इंदू नव्हती. बदलीवर जाण्याआधी ती वीस दिवस कच्च्या आराखड्यावरून तोच नकाशा पुन्हा काढत होती. मधे एकदा माझ्या टेबलाशी येऊन तिने रजिस्टर उघडलं, माझी सही पाहिली, आणि मिटून ठेवलं. साहेबांपुढे ते नेलं असतं तर माझी नोकरी गेली असती. त्यांना ती एवढंच म्हणाली, "चूक माजीच हाय, साहेब."

जायच्या दिवशी मी स्टँडवर गेले. का गेले, सांगता येणार नाही. एस.टी.च्या खिडकीतून ती म्हणाली, "लुगडं तुमच्या आईचं हाय, हे सासूबाईंनी मला सांगितलं व्हतं. तरी नेलं. तुमाला हरवायचंच व्हतं, बाई."

मी म्हटलं, "मलाही नंबर दिसला होता, इंदू."

"ठावं हाय," ती म्हणाली. गाडी सुटली. नंतर आम्ही एकमेकींना कधी पत्र लिहिलं नाही. ती सांगलीत स्थायिक झाल्याचं दुसऱ्यांकडून कळलं.

मी तिला माफ केलं का, हे विचारू नका. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी तपासणीच्या वेळी मी तो दुसरा नकाशा उघडायचे आणि चूक शोधायचे. एक तरी रेघ हललेली असेल, एक तरी अक्षर फुटलेलं असेल... कधीच सापडलं नाही.

आईच्या लुगड्याचा एक धागाही माझ्याकडे नाही. तो पूल उभा आहे. इंदूचा नकाशा त्या कचेरीच्या कपाटात आहे. उजव्या कोपऱ्यात ट्रेसर म्हणून तिचं नाव आहे, आणि त्याखाली, नोंद केली म्हणून, माझी सही.