मोरेमामांची दुसरी आच

भट्टी निवल्यावर उघडली की मोरेमामा एकेक तुकडा कानाशी धरून नखानं टिचकी मारत. आवाज खणखणीत आला तरच तो चुंबक तपासणीला माझ्या टेबलावर येई. "ह्यो कच्चा हाय," म्हणून त्यांनी बाजूला ठेवलेले तुकडे मी मुद्दाम यंत्रावर लावून पाहिले, एकही कधी कसोटीला उतरला नाही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यांमध्ये आमचा हा एक लहानसा चुंबकांचा कारखाना. मी प्रयोगशाळेत, मामा भट्टीवर. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतून ते पहिल्या पाळीला एसटीनं येत. चुंबकाला लागणारा निओडिमियम हा धातू परदेशातून येई आणि फार महाग पडे. त्यातलं थोडं काढून स्वस्त सेरियम घालायचं आणि पाण्याच्या पंपाला परवडेल असा चुंबक करायचा, ही आमच्या साहेबांची कल्पना. पण सेरियम घातलं की मोटार तापताच चुंबकाचा जोर ओसरे. दोन वर्षं आम्ही नुसती मिश्रणं बदलत होतो.

एकदा डबा खाताना मामा म्हणाले, "भाकरी तव्यावरनं उतरली म्हंजे झाली नाय. निखाऱ्यावर धरावी लागते. याला बी दुसरी आच द्या, हलकी."

साहेबांच्या कानावर घातलं, तर ते हसले. आम्ही दोघांनी मात्र करून पाहिलं. आच किती, वेळ किती, हे मामांनी महिनाभर खपून जमवलं आणि ते त्यांच्याच डोक्यात राहिलं. चुंबक तापल्यावरही टिकला.

साहेबांनी कृती विचारली तेव्हा मामा म्हणाले, "कागदावर माझं नाव लागणार असलं तर सांगतो." साहेबांनी मला पुढे केलं. मी नाव लागेल म्हणालो. मामा सांगत गेले, मी वहीत उतरवत गेलो.

पेटंटच्या अर्जावर दोन नावं होती, साहेबांचं आणि माझं. मी सही केली. संध्याकाळी थांब्यावर मामांनी विचारलं, "नाव हाय ना?" मी हो म्हणालो.

कृती कागदावर आल्यावर मालकांनी भट्टी परराज्यात हलवली आणि मामांना घरी बसवलं. शेवटच्या दिवशी कचेरीत फ्रेम करून लावलेल्या अर्जासमोर ते अक्षरं जुळवत बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे आले.

"सायेब फसवणार ते मला ठावं होतं," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून तर तुमाला सांगितलं."

पेटंट मंजूर झालं. पुढच्या दोन्ही नोकऱ्या मला त्याच्यावरच मिळाल्या. पोलादपूरच्या बाजारात मामा दोनदा दिसले. पहिल्यांदा मी नजर चुकवली. दुसऱ्यांदा धीर करून हाक मारली. "बरं हाय ना?" एवढं विचारून, उत्तराला न थांबता, ते एसटीत चढले.