डाव्या टोकाची पट्टी

पायाने वाजवायचंही वाद्य असतं, हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा वडिलांना काही नवल वाटलं नाही. आमचं घर विणकरांचं. जमिनीतल्या खड्ड्यावर माग बसवलेला. काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे, तळव्यांनी लाकडी पट्ट्या आळीपाळीने दाबायच्या आणि हाताने आडवं सूत नेणारा धोटा फेकायचा. शाळेतून आलो की मीही तासभर बसायचो. एकदा घाईत चपलांसकटच पाय खड्ड्यात सोडले. वडील शेजारी सूत गुंडाळत होते. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"काहून गा, त्याच्यावर पाय देऊनच पोट भरतो ना आपण? चपला तरी काढाव."

बस, एवढंच म्हणाले. मी चपला काढल्या. पुढे साड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, माग मोडीत निघाला, आणि मी आयटीआय करून हिंगण्याच्या एका कारखान्यात विजेचे पॅनेल जोडायच्या कामाला लागलो. पायांना आता काही काम नाही, असं मी धरून चाललो होतो.

चर्चमध्ये गेलो तो दुरुस्तीसाठी. कारखान्यातला एक सहकारी त्या चर्चच्या मंडळीतला होता. तो म्हणाला, आमचा ऑर्गन घरघर करतो, एकदा बघून दे. मी रविवारी दुपारी गेलो. जुना इलेक्ट्रिक ऑर्गन, हाताने वाजवायच्या स्वरांच्या दोन ओळी, आणि खाली जमिनीलगत पंचवीस लांब लाकडी पट्ट्यांची चौकट. एक अर्थिंगची तार सुटली होती, दहा मिनिटांचं काम. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई तिथेच बसून होत्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, फिक्या रंगाची साडी, पदराला पिन. नागपूरच्या मे महिन्यात त्यांच्या पायांत लोकरीचे मोजे पाहून मला हसू आलं. दुरुस्ती झाल्यावर त्यांनी वाजवून पाहिलं, आणि त्यांचे पाय त्या पट्ट्यांवरून खाली न बघता फिरताना पाहून माझं हसू थांबलं.

"मी बसून बघू का?" मी विचारलं.

"बूट काढा आधी, मोजे असू द्या," त्या म्हणाल्या.

मी बसलो. हात कुठे ठेवायचे ते कळेना, पण पाय आपोआप कामाला लागले. बाईंनी वाकून माझे पाय पाहिले. मग म्हणाल्या, "हे पाय कुणीतरी शिकवलेले आहेत." मी मागाचं सांगितलं. त्या दिवसापासून दर रविवारी उपासना संपली की त्या मला तासभर शिकवू लागल्या. मी त्यांना मॅडम म्हणे. त्या महिन्याभरात मला 'तू' म्हणू लागल्या. चर्चमध्ये जातो म्हणून आमच्या नात्यातल्या काही जणांनी माझी भरपूर फिरकी घेतली. वडील मात्र एकदा येऊन मागच्या बाकावर बसून गेले आणि घरी जाताना म्हणाले, "बाईचा पाय हलका आहे." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

मॅडमचा एक नेम होता. गीताच्या शेवटच्या कडव्याला त्या दोन्ही पाय उचलून घेत. खालचा भरीव आवाज एकदम निघून जाई आणि लोकांना स्वतःचाच आवाज उघडा ऐकू येई. काही बिचकत, काही जोरात गाऊ लागत. आणि अगदी शेवटच्या ओळीला मॅडम डावा पाय टोकाच्या पट्टीवर ठेवत. सगळ्यांत खालचा सूर. बाकांची लाकडं थरथरत. "लोकांना एकटं सोडायचं," त्या म्हणत, "पण घरी पोचवायच्या आधी परत हात धरायचा." अंत्यविधीला तर हे चुकवायचंच नाही, असा त्यांचा हुकूम होता. "माझ्या वेळी तूच वाजव. आणि शेवटच्या ओळीला घाई करू नकोस." मी हसून हो म्हणायचो. त्या वयात असल्या गोष्टींना हो म्हणायला काय लागतं?

त्याच दिवसांत कारखान्यातल्या आम्हा चौघांचा एक रॉक बँड होता. शिफ्ट सुटली की एका बंद वर्कशॉपमध्ये पत्र्याखाली आम्ही वाजवायचो. मी कीबोर्डवर. एका कॉलेजच्या कार्यक्रमात वाजवायची संधी मिळाली आणि दहा दिवस आधी आमचा बास गिटारवाला पुण्याला नोकरी लागून निघून गेला. मला कल्पना सुचली. ऑर्गनची पायाची चौकट वेगळी निघायची. मागे फक्त एक जाड केबल. मी कारखान्यातल्या टाकाऊ सुट्या भागांतून एक डबी बनवली. पट्टी दाबली की डबी कीबोर्डाला सांगणार, आता हा सूर वाजव. डबी चालली तेव्हा ड्रमवाला नाचायलाच लागला. "अबे, पायानं बास वाजवून राहिला तू! लोक येडे होतीन!"

मॅडमना विचारायला मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. त्यांनी चर्चच्या कमिटीला न विचारता होकार दिला. शनिवारी न्यायची, रविवारी उपासनेच्या आधी जागेवर. आणि एकच अट, जी त्यांना सांगायचीही गरज नव्हती.

शनिवारी संध्याकाळी स्टेजवर मी मोजे घालून उभा होतो. ड्रमवाल्याने पाहिलं. "मोज्यात कोण रॉक वाजवते बे? बूट घाल ना!" समोर पोरं-पोरी उभ्या होत्या. मी बूट घातले. कारखान्याचे, जाड टाचेचे. पहिल्या गाण्यात जपून वाजवलं. दुसऱ्यात कुणीतरी माझ्या पायांकडे बोट दाखवून ओरडलं आणि मला चेव आला. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी मी डाव्या टोकाच्या पट्टीवर अक्षरशः उडी मारली. आवाज आला, पोरं किंचाळली, मी पुन्हा मारली. तिसऱ्यांदा नुसतं लाकूड वाजलं. शेजारच्या दोन पट्ट्याही गप्प झाल्या होत्या. तेवढ्या टाळ्या मला आयुष्यात पुन्हा कधी मिळाल्या नाहीत, आणि आज मला त्या ऐकूही येऊ नयेत असं वाटतं.

रविवारी सकाळी टेम्पोतून चौकट परत नेली. मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. केबल जोडली, त्यांनी डावा पाय ठेवला. काही नाही. त्यांनी पुन्हा ठेवला.

"टेम्पोत हिसका बसला असेल," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी उघडून नीट करतो."

त्या खाली वाकल्या, पट्टीवरून हात फिरवला. मग सरळ होऊन मला विचारलं, "बूट काढले होतेस ना?"

"हो, मॅडम."

त्या दिवशी शेवटच्या ओळीला त्यांनी पाय वरच्या पट्टीवर ठेवला. सूर तोच, पण एक सप्तक वरचा. लोकांचा हात धरायला अपुरा. कुणी विचारलं तर त्या म्हणत, "जुनं झालंय, माझ्यासारखं." कमिटीपुढेही त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

पुढचा रविवार नऊ वर्षं आला नाही. मी विजेचा कारागीर माणूस. आत काय झालं असणार हे मला बाहेरून बघूनच कळत होतं: संपर्काची पातळ पत्री वाकली असेल, तार सुटली असेल. पण उघडलं असतं तर टाचेची खूणही मॅडमच्या देखत उघडी पडली असती, आणि ते 'हो, मॅडम'ही. म्हणून आधी कारखान्यात ओव्हरटाइम होता, मग लग्न होतं, मग लॉकडाऊन लागला. बँड तर वर्षभरातच मोडला. चर्चला जाणं पंधरवड्यावर आलं, मग महिन्यावर, मग नाताळपुरतं. दर नाताळला मॅडम एवढंच म्हणत, "वेळ मिळाला की बघ." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वडिलांसारखंच त्यांनाही रागावता येत नव्हतं, आणि मी तर रागावल्याशिवाय न ऐकणारा माणूस.

या वर्षी मार्चमध्ये चर्चच्या चौकीदार काकांचा फोन आला. मॅडम गेल्या. अंत्यविधी दुसऱ्या दिवशी अकराला, आणि वाजवायला मीच, असं त्या लिहून ठेवून गेल्या होत्या.

मी सकाळी सातलाच हत्यारांची पिशवी घेऊन पोचलो. काकांनी दार उघडून दिलं. चौकट बाहेर ओढली, खिडकीच्या उजेडात आणली आणि मग मला ती खूण दिसली. डाव्या टोकाच्या पट्टीवर अर्धगोल खड्डा, माझ्या टाचेएवढा. मला वाटलं होतं, खड्डा धुळीने भरला असेल, नऊ वर्षांत कुणाला दिसलाही नसेल. पण तो स्वच्छ होता. त्यावर मेण चोळून चोळून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, रंगही बाकीच्या लाकडात मिसळला होता.

"हे कोणी केलं, काका?"

"मॅडमनंच जी. दर शनिवारी येऊन पुसत होत्या. आम्हाले त्या पट्टीले हात लावू देत नव्हत्या. म्हणत, कोणी पाहिलं तर विचारतीन, हे कसं झालं."

मी पिशवी उघडली. चौकट उलटी केली, स्क्रू काढले. वाकलेल्या तीन पत्र्या सरळ केल्या, सुटलेल्या दोन तारा डाग देऊन जोडल्या, झाकण लावलं, केबल बसवली. घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती. नऊ वर्षं टाळलेलं काम! मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. काका चहा आणायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

अकरा वाजता चर्च भरलं. शवपेटी वेदीसमोर ठेवली होती. मी बूट काढले. मग मोजेही काढले, वडिलांच्या मागावर बसायचो तसे. मॅडमना चाललं नसतं, पण मला त्या पट्ट्या तळव्यांना लागायला हव्या होत्या. पहिली दोन कडवी नीट गेली. शेवटच्या कडव्याला मी दोन्ही पाय उचलले. लोकांचा आवाज उघडा पडला. त्यातले कितीतरी आवाज थकलेले होते, मॅडमनीच शाळेत शिकवलेल्या पोरींचे. मी घाई केली नाही. शेवटच्या ओळीला डावा पाय टोकाच्या पट्टीवर ठेवला. टाच त्या खड्ड्यात बरोबर बसली.

सूर आला. बाक थरथरले. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वळवून ऑर्गनकडे पाहिलं. नऊ वर्षांनी तो आवाज ऐकू येत होता, आणि तो ज्यांना ऐकायचा होता त्यांची पेटी बंद होती.

गीत संपलं तरी मला पाय उचलता येईना. पेटी उचलायला चौघे पुढे झाले, उपासना घेणाऱ्या पाळकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तो सूर धरूनच होतो.

"नव्हते काढले, मॅडम," मी म्हणालो.

सूर एवढा मोठा होता की ते मलासुद्धा ऐकू आलं नाही. पेटी दाराबाहेर गेल्यावर मी पाय उचलला.