ओट्याचं माप

सत्यवतीनं डोक्यावर मुलाचं, अनुपमचं, जुनं हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली, नाकाला जुन्या साडीचा फडका बांधला आणि मागच्या दारी धुण्याच्या ओट्यासमोर पाट टाकून बसली. वेळ रोजच्या धुण्याचीच होती, बैठकही तीच. फक्त हातात साबणाच्या वडीऐवजी काँक्रीट फोडायचं, बॅटरीवर चालणारं ब्रेकर होतं, पुढे चपट्या छिन्नीचं, मांडीवर घेतलं तर मांडी बधिर होईल इतकं जड.

शेजारच्या दुबे भाभींनी भिंतीवरून मान काढली.

"दीदी, ये क्या कर रही हो?"

"चबूतरा तोड़ रही हूँ."

"अरे, तो मिस्त्री बुला लेतीं."

"बुलाया था," सत्यवती फडक्याआडून म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

मिस्त्रीला खरंच बोलावलं होतं. ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल साठीला टेकलेली बाई थंडीत सकाळी सकाळी खुळावली की काय. मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर तिनं शालिग्राम मिस्त्रीला निरोप धाडला होता, हाच ओटा फोडून द्या म्हणून. शालिग्राम घण घेऊन आला. नेमकी ती तेव्हा भाजी आणायला गेलेली. नीलकंठराव, म्हणजे तिचे यजमान, बिजली बोर्डातून रिटायर झालेले, चहाचा कप हातात घेऊन मागच्या दारी आले. चांगला भक्कम ओटा, फोडायचा काहून? वरून खडबडीत झाला आहे, तिच्या हातांना टोचत असेल, तेवढं गुळगुळीत करून टाका, असं त्यांनी शालिग्रामला समजावलं. सत्यवती पिशवी घेऊन परत आली तर ओट्यावर नवं सिमेंट चकाकत होतं आणि दोघे पुरुष त्याच्याकडे कौतुकानं पाहत उभे होते.

"बघ," नीलकंठराव म्हणाले, "तुझं काम करून टाकलं."

आता अशा माणसावर चिडायचं तरी कुठून? वाईट असते तर तिनं केव्हाच तोंड सोडलं असतं. माणूस चांगला होता, हाच तर सगळा घोळ होता.

ओटा तिच्या लग्नाच्या वर्षीचा. वर्ध्याहून ती नवी नवरी होऊन हिंदी मुलखात, मदन महल स्टेशनाजवळच्या या घरात आली तेव्हा घराचं बांधकाम अजून चालूच होतं. त्या उन्हाळ्यात छताचा स्लॅब टाकला. मजुरांना चहा करून करून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. संध्याकाळी पाहिलं तर बराच माल उरलेला. तिच्या सासूबाई कुठली वस्तू वाया जाऊ देणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मागच्या दारी विटांची चौकट लावून घेतली, उरल्यासुरल्या सळया आत घातल्या आणि सगळा माल तिथे ओतवला. दुसऱ्या दिवशी सुनेला हाताला धरून तिथे नेलं.

"माझ्या सासूनं मला नुसता दगड दिला होता," त्या म्हणाल्या. "मी तुला ओटा देऊन राहिली."

सत्यवती त्यांच्या पाया पडली होती. खरंच आनंद झाला होता तिला, वेडीला.

नळ मात्र सासूबाईंनी आपल्या सवयीनं उजव्या हाताला लावून घेतला, आणि घरात एकटी सत्यवती डावखुरी. डाव्या हातानं घासायचं, मग तोच हात अंगावरून ओलांडून नळाकडे न्यायचा, कंबर पिळायची, परत यायचं. कमरेचं दुखणं तिथूनच लागलं असं तिला वाटे. बोलली मात्र कुणाजवळ नाही. नळाची काय तक्रार करायची?

मधली काही वर्षं ती एका छोट्या शाळेत शिकवायला जायची. तिची फुगलेली, सुरकुतलेली बोटं खडू धरताना पाहून पोरं हसायची, "मॅडम के हाथ तो दादी जैसे हैं." पोरांवर ती कधी रागावली नाही. मग सासूबाईंनी अंथरूण धरलं, रोजच्या चादरी सुरू झाल्या आणि शाळा सुटली. सासूबाईंचं तिनं मनापासून केलं. त्या गेल्या तेव्हा रडलीही. पण चादरी थांबल्या म्हणून ओटा काही थांबला नाही.

मशीन नव्हतं का घरात? होतं ना. अनुपमनंच घेऊन दिलेलं, व्हरांड्यात उभं, वर फुलाफुलांचं कव्हर. पण नीलकंठरावांच्या शर्टाच्या कॉलर मशीनमध्ये स्वच्छ निघत नसत. अनुपम रिछाईत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात नोकरीला. त्याच्या कपड्यांना ग्रीस, ते टाकले तर मशीन खराब होणार. पायपुसणी टाकली तर मशीन खराब, गोधडी टाकली तर मशीन खराब. मशीनला जपायचं असतं हे त्या घरात सगळ्यांना बरोब्बर ठाऊक होतं. राहता राहिले हातरुमाल आणि उशांचे अभ्रे. तेवढे ते मशीन मोठ्या दिमाखात गरगर फिरवायचं.

गेल्या महिन्यात ती ओट्यावरून उठायला गेली आणि उठता आलं नाही. कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला टेकून, ओल्या गाऊनमध्ये, ती दुपारभर तशीच बसून राहिली. स्टेशनवरून गाड्या गेलेल्या ऐकू येत होत्या. नीलकंठराव आत झोपले होते. हाक मारली तर त्यांची झोपमोड होईल म्हणून हिनं हाक मारली नाही. घ्या! आता हिला काय म्हणावं?

विजय नगरच्या डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे पाहून सरळच सांगितलं. वाकणं बंद. नाही केलं तर ऑपरेशन, आणि ऑपरेशन करून पुन्हा चालाल याची हमी मी देत नाही. नीलकंठरावांचा चेहरा तिच्याहून जास्त उतरला. त्यांनी शेकायची पिशवी आणली, रोज स्वतः गरम पाणी भरून दिली. आठवडाभर ओटा कोरडा राहिला. मग एका सकाळी त्यावर एक शर्ट दिसला, एकच.

"सावकाश धू," नीलकंठराव म्हणाले. "घाई नाही."

दुसऱ्या दिवशी शर्टाच्या सोबतीला जीन्स आली. आणि सत्यवती गेली, बसली, धुऊ लागली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पाणी हातावर पडल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण बसलो आहोत. तिला भीती वाटली ती त्या क्षणाची. ओटा जागेवर आहे तोवर त्यावर कपडे येणार, कपडे आले की आपले हात जाणार, आणि एक दिवस आपण इथून उठणारच नाही. घरच्यांचं सोडा, तिचा स्वतःवरही भरवसा उरला नव्हता.

पुढच्या आठवड्यात नीलकंठराव पुतण्याच्या लग्नाला नागपूरला गेले. प्रवास झेपणार नाही म्हणून ही मागे राहिली. त्याच सुमारास अनुपमनं कारखान्यातलं ब्रेकर कुणाच्या तरी कामासाठी घरी आणून ठेवलं होतं.

"कसं चालतं रे हे?"

"आई, हे काय मिक्सर आहे का?" तो हसला. पण दाखवलं त्यानं, बॅटरी कशी बसवायची, बटण कुठलं, छिन्नी कशी लावायची. "करायचं काय आहे तुला? ओटा? अरे, मी तोडून देतो न संडेला. पक्का."

"किती संडे झाले रे?"

त्यानं मान खाजवली आणि गाडी काढून कामावर गेला. राग नव्हता तिला. रागवायलाही अंगात काही शिल्लक असावं लागतं.

तर अशी ती बसली होती. आधी तिनं छिन्नी ओट्याच्या मधोमध टेकवली. यंत्र हातात थयथय नाचलं, दात खडखडले, आणि ओट्यावर उमटला एक पांढरा ठिपका. अर्धा तास ती ठिपकेच काढत बसली. शालिग्रामचा नवा गिलावा तेवढा पापुद्र्यासारखा सुटून आला. मग तिनं पाट सरकवला आणि साबण ठेवायच्या कोपऱ्याशी गेली. तिथे वर्षानुवर्षं पाणी मुरून कड पोकळ झाली होती. तिथे छिन्नी लावली तसा मुठीएवढा तुकडा सुटून पायाशी पडला. कडेनं घेतलं की येतं, मधून घेतलं की येत नाही. मग ती कडेकडेनंच आत सरकत राहिली.

डॉक्टरांनी वाकू नका म्हटलं होतं आणि ही वाकूनच ओटा फोडत होती. शहाणपणाचं काम नव्हतंच ते. हे शेवटचं वाकणं, असं मनाशी धरून ती वाकली होती. धूळ बसावी म्हणून मधूनमधून तांब्यानं पाणी मारायची. पाणी घ्यायला डावा हात सवयीनं अंगावरून उजवीकडे जायचा.

बॅटरी संपली की चार्जिंगला लावायची आणि आत जाऊन आडवं व्हायचं. छताकडे पाहत पडायची. हिरवा दिवा लागला की पुन्हा बाहेर. दुपारी थंड खिचडी खाल्ली, गरम करायचा कंटाळा आला. आत सळया लागल्या तेव्हा तिला सासूबाई आठवल्या. किती हौसेनं घातल्या होत्या त्यांनी त्या! तिचे डोळे भरून आले. हेल्मेटची काच वर करून तिनं ते पुसले, धूळ आणखीच डोळ्यांत गेली, आणि ती पुन्हा कामाला लागली.

उन्हं उतरली तेव्हा ओटा राहिला नव्हता. मलब्याचा ढीग होता आणि त्यातून वाकड्यातिकड्या सळया वर आल्या होत्या. तिला वाटलं होतं, फार हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त थकवा आला, अंगभर, आणि त्याच्या तळाशी जुना थकवा होता तो वेगळाच.

अनुपम घरी आला, मागच्या दारी जाऊन उभा राहिला. मग त्यानं कटर आणला आणि सळया कापून काढल्या.

"बाबांना काय सांगशील?"

"दिसेलच त्यांना."

नीलकंठराव दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. बॅग ठेवली, हातपाय धुवायला मागे गेले आणि तिथेच थबकले. परत आले ते खाली मान घालून. चहा पिताना एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं होतं ना." तिनं सांगितलं होतं. तेही तिनं पुन्हा सांगितलं नाही.

सकाळी उठून ते बाहेर पडले आणि पोहे-जलेबीचा पुडा घेऊन परत आले. सोबत शालिग्राम. चेहऱ्यावर असा उजेड की सत्यवतीला क्षणभर लग्नाच्या दिवशीचे ते आठवले.

"चल, तुला दाखवतो," तिला ते मागच्या दारी घेऊन गेले. "रात्रभर विचार केला मी. चूक आमचीच आहे. तो ओटाच चुकीचा होता, बसून धुवायचा. आता इथे उभ्यानं धुवायचा ओटा बांधू. वर ग्रॅनाइट. तुला वाकायची गरजच नाही. आणि नळ," ते थांबले, थोडे लाजलेही, "नळ डाव्या हाताला. तुला त्रास होत होता ना? मी पाहून राहिलो होतो इतकी वर्षं."

यांनी पाहिलं होतं! इतकी वर्षं हे पाहत होते. तिला त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला आणि त्याच वेळी मोठमोठ्यानं रडावंसंही वाटलं. सासूबाईंनी असंच तर हाताला धरून इथे आणलं होतं, असंच हौसेनं दाखवलं होतं. एवढ्या मायेनं दिलेली वस्तू नको कशी म्हणायची? मागच्या वेळी तिला म्हणता आलं नव्हतं.

शालिग्रामनं टेप बाहेर ओढला. "दीदी, ज़रा यहाँ सीधी खड़ी हो जाइए. कमर का नाप लेना है."

ती भिंतीपर्यंत गेली. टेपाचं टोक तिनं त्याच्या हातातून घेतलं. मग मागे वळली, नीलकंठरावांना दंडाला धरून हळूच पुढे आणलं, टोक त्यांच्या हाती दिलं आणि भिंतीशी उभं केलं.

"इनका लीजिए," ती म्हणाली.

शालिग्राम एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहू लागला. नीलकंठराव तिच्यापेक्षा चांगले हातभर उंच.

"माझं काहून?"

"शर्ट तुमचे आहेत म्हणून," सत्यवती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट फार दमलेला होता. "ओटा छान होईल. बांधा. पण मी आता धुणार नाही. उंची तुमच्या मापाची घ्या."

तिथे उभं राहायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती आत गेली, पलंगावर आडवी झाली आणि अंगावर शाल ओढली. तिला वाटलं, आता शालिग्रामला परत पाठवतील, किंवा पुन्हा समजावतील. मग टेप सर्रकन आत गेल्याचा आवाज आला.

"बाबूजी," शालिग्राम विचारत होता, "तो नल किस हाथ पे रखें?"

तिनं डोळे मिटून घेतले होते, पण कान तिकडेच होते.

"दाहिने," नीलकंठराव म्हणाले.